काशीदला जाताना डावीकडेही बघा

अलिबाग सोडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की गाडीतल्या सगळ्यांच्या नजरा उजवीकडे जातात. तिकडे समुद्र असतो, आणि त्याच्याकडे बघू नका असं कोण म्हणेल? पण रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लई, बोर्ली मागे पडली आणि काशीद जवळ आलं की जरा डावीकडेही मान वळवा. रस्त्याला समांतर जो हिरवा डोंगर चाललेला दिसतो, ते फणसाड अभयारण्य आहे. दर शनिवार-रविवारी शेकडो गाड्या त्याच्या पायथ्यावरून जातात आणि त्यातल्या फार थोड्या आत वळतात. या हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन मुरूडकडे निघणार असाल, तर माझी विनंती एवढीच आहे: त्या दिवसाची सकाळ या जंगलाला द्या, आणि समुद्राला संध्याकाळ.

त्यासाठी आधी यादी कापावी लागेल. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या घरांची यादी साधारण सारखी असते. कुलाबा किल्ला, नागावचा किनारा, चौलचे दत्त, रेवदंड्याची तटबंदी, साळावचं बिर्ला मंदिर, कोर्लईचा किल्ला, काशीद, मुरूड, जंजिरा आणि रात्री घर. अलिबाग ते मुरूड अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून हे जमेल असं नकाशा बघून वाटतं. पण हा रस्ता गावागावांतून जातो. समोरून एस.टी. आली की एकाला थांबावं लागतं, बाजाराच्या दिवशी तर चालत जाणारा पुढे निघून जाईल अशी गत होते. मग घाई सुरू होते. कुठेही अर्धा तास, उतरा, फोटो काढा, चला. दिवसाच्या शेवटी मुलांना विचारलं की काय पाहिलं, तर त्यांना आठवतो तो उंट नाहीतर घोडागाडी. यात मुलांचा काहीच दोष नाही.

फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं रान होतं. 1948मध्ये संस्थान विलीन झालं, आणि 1986मध्ये सरकारने या रानाला अभयारण्याचा दर्जा दिला. राजाच्या शिकारीसाठी राखलं म्हणून ते तोडीतून वाचलं, ही गोष्ट विचित्र वाटेल, पण आपल्याकडच्या बऱ्याच जंगलांचा इतिहास असाच आहे. किनाऱ्याला इतकं लागून असलेलं, एका बाजूने खारा वारा खाणारं दाट जंगल कोकणात आता सहज सापडत नाही. मुरूडला पाणी पुरवणारं गारंबीचं धरणही याच डोंगरात आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीत आपण जो तांब्याभर पाणी पितो, त्याचा उगम बहुधा या झाडांखालीच असतो. जंगल वेगळं आणि समुद्राकाठचं गाव वेगळं, असं इथे नाहीच.

आत जायची मुख्य वाट सुपेगावहून आहे. किनाऱ्याचा रस्ता सोडून आत वळावं लागतं. हे वळण मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच विचारून ठेवा, कारण डोंगराच्या आत मोबाईलच्या भरवशावर राहू नये. सुपेगावला वनखात्याचा नाका आहे. तिथे नावं नोंदवायची, प्रवेशाचे पैसे भरायचे आणि गावातला वाटाड्या बरोबर घ्यायचा. पैसे वाचवायला वाटाड्या टाळू नका. त्याला जे दिसतं ते आपल्याला दाखवल्याशिवाय दिसत नाही, आणि जंगल राखलं तर घरात चार पैसे येतात हा अनुभव गावाला येणं त्या जंगलाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. प्रवेश कधी बंद असतो, राहण्याची सोय मिळेल का, हे निघण्याआधी वनखात्याकडे फोन करून विचारा.

वेळ पाळा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. उजाडताना नाक्यावर हजर असाल तर जंगल दिसेल. दहा वाजता पोचलात तर झाडं दिसतील, तीही उन्हात. म्हणून मुंबईहून पहाटे निघून थेट येण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी चौल, रेवदंडा, काशीद असं कुठेतरी मुक्काम करावा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट आणणारी रो-रो बोट 2020पासून सुरू आहे. साधारण तासाभराचा प्रवास, आणि वडखळची कोंडी टळते. पण सकाळच्या बोटीने आलात तर जंगलाची वेळ हुकलीच म्हणून समजा. आदल्या दिवशीची बोट घ्या.

आता आत काय बघायचं? वाघ नाही, हे मुलांना आधीच सांगून टाका. बिबट्या आहे, पण तो दिसेल अशी आशा धरून जाऊ नका. सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर हे सगळे आहेत आणि त्यांच्या खुणा नक्की दिसतात: चिखलातले खुरांचे ठसे, उकरलेली माती, वाटेत पडलेला साळिंदराचा काटा. मुलांना हे फार आवडतं. ठसा कुणाचा, तो कुठे निघाला होता, एकटा होता की बरोबर पिल्लू होतं, यावर ती वाटाड्याला भंडावून सोडतात. सोडू द्या.

दिसण्याची खरी शक्यता आहे ती शेकरूची. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी बऱ्याच मुलांनी पुस्तकाच्या पानावरच पाहिलेला असतो. आधी त्याचा आवाज येतो, खडखडाट केल्यासारखा, उंच शेंड्यावरून. मग मान वर करून बराच वेळ उभं राहावं लागतं. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपटी. ते जमिनीवर क्वचितच उतरतं, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेत जातं. त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना टेकलेले असतील तरच ते जगू शकतं. मधली चार झाडं तोडली तर त्याचा रस्ताच तुटतो. उंच फांदीच्या टोकाला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवतं. म्हणून घरटी मोजून शेकरांची संख्या सांगायला जाऊ नये.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे गारंबीचा वेल. वेल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जाई-जुई येते. हा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होतो, झाडांना पिळे घालत वर चढतो आणि त्याला हातभर किंवा त्याहून लांब शेंगा लागतात. शेंगेतल्या चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया पाण्यावर तरंगतात. ओढ्यातून खाडीत, खाडीतून समुद्रात जाऊन त्या दूरच्या किनाऱ्यांना लागतात आणि तिथेही रुजू शकतात. काशीदला वाळूत शंख-शिंपले गोळा करताना मुलांना हे सांगा. सकाळी पाहिलेल्या वेलाचा संध्याकाळच्या किनाऱ्याशी काय संबंध आहे, ते त्यांना आपोआप कळेल. फक्त जंगलातून बी उचलून खिशात घालू देऊ नका. अभयारण्यातलं पानही घरी आणायचं नसतं.

इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावं आहेत. उन्हाळ्यात सगळं जनावर या गाणांवर येतं, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद होते ती याच ठिकाणी. तुम्ही दिवसा गेलात तरी गाणाजवळ पंधरा मिनिटं गप्प बसून बघा. पंधरा मिनिटं ही मुलांना फार वाटतात, मोठ्यांना तर त्याहून जास्त. पण पहिली पाच मिनिटं संपल्यावर पक्षी पुन्हा बोलू लागतात, आपल्या येण्याने थांबलेलं सगळं हळूहळू पूर्ववत होतं. जंगल बघणं म्हणजे हेच, आणि याला दुर्बीणसुद्धा लागत नाही.

आभाळाकडेही लक्ष असू द्या. फणसाडमध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं आहेत. एके काळी प्रत्येक गावाबाहेर दिसणारा हा पक्षी आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ संपला. कारण होतं डायक्लोफिनॅक, गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक औषध. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. रायगड जिल्ह्यात अजून गिधाडं टिकून आहेत, हे आपलं मोठं भाग्य. एखादं घिरट्या घालताना दिसलं तर मुलांना नीट दाखवा. आणि घरट्याचं झाड कुठे आहे हे कळलंच, तर ते ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. घरट्याखाली जमलेल्या गर्दीपायी पक्षी घरटं सोडून जातो.

जंगलातल्या वागण्याबद्दल लांबण लावत नाही. गाडीतलं गाणं नाक्यापाशी बंद. भडक कपडे आणि अत्तर नको. माकडांना काहीही खायला घालायचं नाही, कारण हाताचं खाणं मिळालेलं माकड पुढे लोकांच्या अंगावर येतं आणि मग त्याचाच बंदोबस्त केला जातो. खाऊचे कागद, बाटल्या, ओले रुमाल, सगळं एका पिशवीत भरून आपल्या गावी परत न्या. गाडीत ठेवायला एक जास्तीची पिशवी आठवणीने घ्या.

साडेदहा-अकराला बाहेर पडलात की भूक लागलेली असेल. सकाळी निघतानाच एखाद्या घरगुती खानावळीत माणसं किती आणि काय हवं ते सांगून ठेवा. किनाऱ्यावरच्या गावांत अजूनही सांगितल्यावर स्वयंपाक करणारी घरं आहेत, आणि ताजं जेवण हवं असेल तर तेच बरं. मासे कोणते हे तुम्ही ठरवू नका, त्या दिवशी काय आलंय ते विचारा. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा काळ म्हणून. त्या दिवसांत ताज्या पापलेटचा हट्ट धरणं म्हणजे शिळं मागणं. त्याऐवजी सुकटीची चटणी, खाडीतलं काही, वालाचं बिरडं मागा. थंडीत आलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भरून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाणी नाही, तेलही नाही. हिवाळा सरता सरता रस्त्याच्या कडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसू लागतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा थेट शेतकऱ्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका.

आता समुद्र. इथे मात्र मी जरा हात जोडून सांगतो आहे, कारण हा विषय जिवाचा आहे.

फेब्रुवारी 2016मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली चौदा महाविद्यालयीन मुलं बुडाली. ती पोरं पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात गेली नव्हती. दिवस थंडीचे होते, दुपार स्वच्छ होती. काशीदलाही बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडतात. शांत दिसणारं पाणी ओहोटीला आत खेचतं, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू बघता बघता सरकते. शहरातल्या तरणतलावात पोहणं येतं म्हणून समुद्रात पोहता येईल, हा समज मनातून काढून टाका.

भरती-ओहोटी बघितल्याशिवाय पाण्यात उतरू नका. ती काढायची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत अगदी सोपी आहे. कॅलेंडरात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, सकाळची आणि संध्याकाळची किंवा दुपारची आणि पहाटेचीही. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. त्याच्या सव्वासहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. अष्टमीला सहाला भरती, भर दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती, आणि ती उधाणाची. त्या दिवसांत पाणी खूप वर येतं, खूप खाली जातं, त्यामुळे ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगेची भरती असते, पाण्याची चढउतार कमी. हा हिशेब अंदाजाचा आहे. मोबाईलवर त्या दिवसाचं वेळापत्रक मिळतं तेही बघा, आणि शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या कोळ्याचा किंवा जीवरक्षकाचा माना.

याच हिशेबाने सहलीचा दिवसही निवडता येतो. सकाळ जंगलात घालवून चार-पाचला किनाऱ्यावर यायचं तर त्या वेळी पाणी चढतं असावं. एकादशीला सव्वाआठला भरती आणि दुपारी अडीचला ओहोटी होते. चार वाजता पाणी हळूहळू वर येऊ लागलेलं असतं, आणि कोरड्या वाळूचा लांबरुंद पट्टा मुलांना खेळायला मिळतो. घरात एकादशीचा उपास करणारं कुणी असेल तर दशमी किंवा द्वादशी धरा. शनिवार-रविवार आणि या तीन तिथी यांचा मेळ वर्षातून बऱ्याचदा बसतो. उलट चतुर्थी-पंचमीला संध्याकाळी पाणी आत जात असतं. त्या दिवशी मुलांना वाळूतच खेळू द्या.

चढतं पाणी असलं तरी गुडघ्याच्या वर जायचं नाही. जेवणानंतर लगेच नाही, दारू घेतली असेल तर अजिबात नाही, आणि अंधार पडू लागला की सगळ्यांनी बाहेर. मुलांजवळ एक मोठं माणूस सतत उभं हवं, आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नको. कुणी ओढलं जाताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो, हे अनेकदा झालेलं आहे. दोरी, रिकामा प्लास्टिकचा कॅन, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका आणि होडीवाल्यांना हाक द्या. आपणच ओढले गेलो तर किनाऱ्याच्या दिशेने धडपडू नये. किनाऱ्याला समांतर, आडवं जात राहावं. ओढीचा पट्टा अरुंद असतो, तो सुटला की बाहेर येता येतं. गाडी तर वाळूवर नेऊच नका. ती रुतते, चढत्या पाण्यात अडकते, आणि वाळूत राहणाऱ्या खेकड्यांचा चुराडा होतो तो वेगळाच.

वाटेतल्या गावांकडेही थोडं लक्ष द्या. रेवदंडा-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या रस्त्यावरून फार सुंदर दिसतात. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरेपर्यंत बरीच वर्षं जातात, त्यामुळे कित्येक घरांचं उत्पन्न त्या एका दिवसात वर्षानुवर्षांसाठी गेलं. कुणाच्या वाडीत शिरण्याआधी घरमालकाला विचारा, आणि शहाळं तिथेच प्या. किनाऱ्यावर बोंबील, सुकट वाळत घातलेली असते, जाळी पसरलेली असतात. ती त्यांच्या घराची ओसरी समजा. त्यावरून चालू नका, नाकाला रुमाल लावू नका, आणि माणसांचे फोटो विचारून काढा.

कोर्लईला थांबणार असाल तर किल्ल्याइतकंच गावही बघण्यासारखं आहे. पोर्तुगीज या भागातून 1740मध्ये गेले, पण कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली एक बोली अजून बोलली जाते. जगात ती फक्त इथेच आहे. एखाद्या आजींशी दोन शब्द बोलायची संधी मिळाली तर बोला, पण त्यांना बोलून दाखवा म्हणून उभं करू नका.

जंजिऱ्याचं काय, असं तुम्ही विचाराल. मी म्हणेन, या खेपेला सोडा. राजापुरीच्या धक्क्यावर रांग लावायची, होडीने जायचं, मिळेल त्या वेळात किल्ला उरकून परतायचं, हे फणसाडच्या दिवसाच्या शेपटीला बांधण्यासारखं काम नाही. त्या किल्ल्याला आख्खी सकाळ लागते. मुक्काम दोन रात्रींचा असेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीने जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

बरोबर वयस्कर माणसं असतील आणि त्यांना जंगलात चालणं झेपणार नसेल, तर त्यांना गाडीत बसवून ठेवू नका. आदल्या मुक्कामाच्या घरी सकाळभर अंगणात बसू द्या, किंवा नाक्याजवळच्या सावलीत खुर्ची मागून घ्या. सुपेगावातली माणसं नाही म्हणत नाहीत. मुलं परत येऊन सांगतील ते ऐकायलाही कुणीतरी हवंच.

रविवारी संध्याकाळी सहाच्या पुढे काशीदहून मुंबईकडे निघू नका. रेवदंड्याचा पूल, अलिबाग आणि वडखळ या तीन ठिकाणी अडकून मध्यरात्र होते आणि चालवणाऱ्याचे डोळे मिटू लागतात. एक तर साडेचारला निघा, किंवा ती रात्र तिथेच राहून सोमवारी पहाटे. मांडव्याहून बोटीने जाणार असाल तर परतीचं तिकीट आधी काढा आणि शेवटच्या बोटीवर विसंबू नका, वारा वाढला की ती रद्द होऊ शकते.